एम्फिसेमा असताना फुप्फुसाचा भागच कापून काढला तर श्वास सुधारतो कसा? बाबांना ऑपरेशन सुचवलंय

खाडीकाठची_लेक, ऐरोली

नमस्कार मंडळी, खूप दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण घरात कोणाचंच डोकं चालेनासं झालंय. माझे बाबा ६६ वर्षांचे. टीटीसी एमआयडीसीत केमिकल कंपनीत ३१ वर्षं शिफ्ट ड्युटी केली आणि जोडीला सिगरेट, दिवसाला दीड पाकीट तरी असेल. तीन वर्षांपूर्वी सोडली ती कायमची सोडली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सिव्हिअर एम्फिसेमा आहे, म्हणजे फुप्फुसाची जुनाट झीज. इन्हेलर, नेब्युलायझर सगळं वेळच्या वेळी चालू आहे, त्यात ते एक दिवस चुकत नाहीत.

सध्याची परिस्थिती सांगते. आंघोळ करून बाहेर आले की पलंगाच्या कडेला बसतात, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर कानापर्यंत, आणि टॉवेल तसाच मांडीवर. पाठ पुसायला हात वर केला की धाप लागते म्हणून आई येऊन पुसते. मग दहा मिनिटं त्यांच्याशी कोणी काही बोलायचं नाही, कारण उत्तर द्यायला श्वास नसतो आणि उत्तर देता आलं नाही की त्यांना जास्त त्रास होतो. जेवताना पण तेच, अर्धी पोळी झाली की थांबतात, वजन ५२ वर आलंय.

रिपोर्ट असे आहेत (टक्के म्हणजे निरोगी माणसाच्या तुलनेत): एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा, २८ टक्के, रेसिड्युअल व्हॉल्यूम २३० टक्के, टोटल लंग कपॅसिटी १२८ टक्के, डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती पोचतो त्याचं माप, ३४ टक्के, सहा मिनिटांत २१० मीटर चालले. सीटीत लिहिलंय की दोन्ही बाजूंना वरच्या लोबमध्ये, म्हणजे फुप्फुसाच्या वरच्या कप्प्यात, जास्त खराबी आहे. चेस्टवाल्या डॉक्टरांनी लंग व्हॉल्यूम रिडक्शन सर्जरीचा विचार करा म्हणून सांगितलं, म्हणजे वरचा खराब भाग कापून काढायचा. बाहेर ओपीडीत ही गर्दी, त्यामुळे आम्हाला जे विचारायचं होतं ते सुचलं खाली रिक्षात बसल्यावर.

काका म्हणतात, "अगं आधीच श्वास पुरत नाही, आणि आहे ते फुप्फुस पण काढून टाकणार? हा कुठला उपचार?" खरं सांगू का, माझ्याकडे उत्तर नाही. मला पण हेच वाटतंय. कोणी समजावून सांगेल का की कापल्यावर श्वासात नेमकं काय बदलतं? आणि कोणाच्या घरी झालंय का हे ऑपरेशन?

फिजिओ_नौपाडा

ताई, मी कार्डिओरेस्पिरेटरी फिजिओ आहे, एम्फिसेमाचे पेशंट रोज बघते, म्हणून थोडं लांबण लावून लिहिते. काकांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, बहुतेक घरांत पहिला हाच प्रश्न येतो.

आधी तुम्ही स्वतः एक करून बघा (बाबांना करायला लावू नका). पूर्ण श्वास आत घ्या. आता त्यातला अगदी चमचाभरच सोडा आणि त्याच्यावरच पुढचा श्वास घ्या. परत चमचाभर सोडा, परत घ्या. असं सात-आठ वेळा करा. छाती ताठ होते, मान आखडते, आत जागाच उरत नाही, आणि छातीत हवा ठासून भरलेली असूनही जीव घाबरा होतो. आता अशाच भरलेल्या छातीने तलावपाळीला एक चक्कर मारायची आहे असं समजा. बाबा चोवीस तास तिथे आहेत. त्यांना श्वास घेता येत नाही असं आपल्याला दिसतं, पण मूळ अडचण श्वास सोडता येत नाही ही आहे.

सकाळी ठाणे स्टेशनला गाडी लागते तेव्हा आतले उतरले तरच बाहेरचे चढतात ना? उतरणारे दारातच अडकले तर प्लॅटफॉर्मवरून कितीही रेटा दिला तरी उपयोग नाही. तसंच आहे हे. आपण पूर्ण श्वास सोडल्यावरही फुप्फुसात साधारण सव्वा लिटर हवा राहते, तिला रेसिड्युअल व्हॉल्यूम म्हणतात. बाबांची ती २३० टक्के आहे, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त शिळी हवा आत अडकून बसलेली आहे आणि ताजी हवा यायला जागा नाही.

का अडकते? निरोगी फुप्फुस ताणलेल्या इलॅस्टिकसारखं असतं, आपण सोडलं की ते स्वतःच आक्रसतं आणि हवा बाहेर ढकलतं. एम्फिसेमात वायुकोशांच्या भिंतीच नष्ट होतात, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा ताण निघून जातो. त्याच ताणाने आतल्या बारीक श्वासनळ्या चहूबाजूंनी ओढून उघड्या धरलेल्या असतात, तो गेला की श्वास सोडताना त्या मिटतात आणि हवा मागे कोंडते. चालायला लागलं की श्वासाचा वेग वाढतो, सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, आणि दर श्वासाला थोडी थोडी हवा साठत जाते. म्हणून बसलेले असताना बरे वाटणारे बाबा बाथरूमपर्यंत गेले की कोलमडतात.

त्यात वरचे खराब भाग नुसते फुगून बसतात, देवाणघेवाण काही करत नाहीत, पण जागा अडवतात आणि खालचं बऱ्यापैकी चांगलं फुप्फुस दाबून टाकतात. डायफ्रामचं, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूच्या पडद्याचं, पण तसंच. तो घुमटासारखा असतो, खाली सरकला की हवा आत येते. छाती फुगून राहिली की घुमट चपटा होतो, ताटासारखा, मग त्याला खाली सरकायला वावच नाही. म्हणून बाबा खांदे आणि मानेचे स्नायू वापरून श्वास घेतायत. तळहात गुडघ्यांवर रोवून बसणं हे त्याचंच लक्षण, हात टेकले की खांद्याच्या स्नायूंना आधार मिळतो.

आता ऑपरेशन. दोन्ही बाजूंचा वरचा सर्वांत खराब भाग, साधारण २० ते ३० टक्के, काढतात. जो भाग काम करत नव्हता तोच जातो. उरलेल्याला पसरायला जागा मिळते, त्याचा ताण परत येतो, श्वासनळ्या उघड्या राहतात, डायफ्राम पुन्हा घुमटाकडे जातो. आणि श्वासाची पद्धतच बदलते, उथळ आणि भरभर चालणारा श्वास संथ आणि खोल होतो.

या संथ आणि खोलचं महत्त्व लोकांना कळत नाही म्हणून गणित मांडते. घशापासून श्वासनळ्यांपर्यंतच्या वाटेत सुमारे १५० मिली हवा नुसती येते आणि जाते, ती रक्तापर्यंत पोचतच नाही. समजा बाबा मिनिटाला २४ श्वास घेतात, प्रत्येकी ३०० मिली. एकूण ७.२ लिटर. त्यातले ३.६ लिटर वाटेतच वाया. आता तेवढीच ७.२ लिटर हवा १६ श्वासांत, प्रत्येकी ४५० मिली घेतली, तर वाया जातात २.४ लिटर आणि कामाला येतात ४.८. मेहनत कमी, हवा जास्त. एम्फिसेमात वाया जाणारा भाग १५० पेक्षा पुष्कळ मोठा असतो, त्यामुळे फरक याहून जास्तच पडतो. ऑपरेशन लागू पडलेल्या पेशंटमध्ये व्यायाम करताना हाच बदल मोजून दिसलेला आहे, श्वास मंदावतो, खोल होतो, कार्बन डायऑक्साइड पण खाली येतो.

मात्र हे सगळ्यांना लागू पडत नाही, आणि ज्यांना लागू पडत नाही त्यांना हे ऑपरेशन धोक्याचं आहे. त्यावर अनुभव असलेले कोणी लिहितीलच.

सीवूड्सची_काकू

बाळा, माझ्या मिस्टरांचं झालंय हे ऑपरेशन, २०१९ मध्ये, तेव्हा ते ६३ चे होते. दुर्बिणीतून केलं दोन्ही बाजूंचं. मी गोड गोड लिहिणार नाही, जसं झालं तसं सांगते.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. फुप्फुस शिवलेल्या जागेतून हवा लीक होते, म्हणून छातीत नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडतात आणि हवा सुटली की बाटलीत बुडबुडे येतात. आम्हाला सांगितलेलं की आठवड्याभरात बंद होतील. तेरा दिवस चालले. मी रात्री खुर्चीत बसून ते बुडबुडे बघत बसायचे, खोकला आला की एकदम उसळायचे, की माझ्या पोटात गोळा. नंतर कळलं की एम्फिसेमाचं फुप्फुस ओल्या टिश्यूपेपरसारखं नाजूक असतं त्यामुळे हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं. पण आधी कोणी धड सांगितलं नव्हतं आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना विचारलं की "चालायचंच" एवढंच उत्तर. तुम्ही आधीच विचारून घ्या की लीक लांबलं तर पुढे काय करणार.

आता चांगलं सांगते. आजारपणात ह्यांचं बोलणं तुटक झालेलं, तीन शब्द, श्वास, तीन शब्द, श्वास. फोन घ्यायचेच नाहीत. ऑपरेशननंतर दीड-दोन महिन्यांनी एक दिवस मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर हे नणंदेशी फोनवर भांडत होते, शेताच्या वाटणीवरून, सलग, मध्ये न थांबता. मी गॅस बंद करून दारात उभी राहून ऐकत राहिले. भांडण होतं तरी मला रडू आलं.

आंघोळ स्वतः करायला लागले. नेरुळला ज्वेलच्या ट्रॅकवर सकाळी फिरायला जायचे, मध्ये दोन बाक ठरलेले बसायला. साधारण अडीच-तीन वर्षं फार छान गेली. मग हळूहळू परत उतरती लागली, कारण उरलेल्या फुप्फुसात आजार आहेच ना तो थांबत नाही. आता रात्री ऑक्सिजन लागतो. पण ती तीन वर्षं मिळाली, नातीचं बारसं त्यांनी उभं राहून केलं. मला विचारशील तर परत तोच निर्णय घेईन.

आणि ऑपरेशनआधी वजन वाढव गं बाबांचं. ५२ कमी आहे. आमच्या डॉक्टरांनी ह्यांना आधी अंडी, शेंगदाण्याचे लाडू, दर दोन तासांनी थोडं थोडं असं खायला लावलेलं, पोट गच्च भरलं की डायफ्राम दाबला जातो म्हणून एकदम जेवायचं नाही.

प्राणायाम_खारघर

ताई, ऑपरेशनची घाई करू नका असं मला मनापासून वाटतं. रोज सकाळी पंधरा मिनिटं कपालभाती आणि भस्त्रिका सुरू करा, माझा स्वतःचा सर्दीचा आणि दम्याचा त्रास त्याने खूप कमी झाला. फुप्फुसं मोकळी होतात.

फिजिओ_नौपाडा

दादा, तुम्ही चांगल्या भावनेने लिहिलंय आणि तुम्हाला गुण आला हे खरंच असेल, पण एम्फिसेमात कपालभाती आणि भस्त्रिका नको. वर लिहिलं तसं त्यांच्या श्वासनळ्या जोरात श्वास सोडला की मिटतात, जितका जोर लावाल तितकी हवा आत कोंडेल. फुप्फुसात हवेचे मोठे फुगे झालेले असतील तर ते फुटून फुप्फुस खाली बसण्याची पण भीती असते.

ताई, बाबांना उलट शिकवा. बशीतला गरम चहा आपण कसा ओठांचा चंबू करून हळूच फुंकतो, तसा श्वास सोडायचा. नाकाने दोन आकडे मोजून आत, चंबूने चार आकडे मोजून बाहेर. ओठांच्या त्या अडथळ्यामुळे आत थोडा दाब टिकतो आणि नळ्या मिटत नाहीत. आंघोळीच्या वेळी प्लास्टिकचं स्टूल द्या बसायला, हात वर करताना श्वास सोडायचा, आणि टॉवेलच्या ऐवजी सुती गाउन किंवा लुंगी अंगावर घेऊन बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं, हात वर करायची गरजच नाही. ऑपरेशन करायचं ठरलं तरी त्याआधी सहा ते आठ आठवडे रिहॅब, म्हणजे देखरेखीखाली श्वासाचे आणि ताकदीचे व्यायाम, करावंच लागतं, कधी कधी रिहॅबनेच माणूस इतका सुधारतो की ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

कळवा_पूर्व

मी दुसरी बाजू सांगतो, कारण आम्हाला नकार मिळाला होता. माझा मोठा भाऊ, एफईव्ही१ १८ टक्के, डीएलसीओ १६ टक्के, आणि सीटीत खराबी वर-खाली सगळीकडे सारखी पसरलेली. आम्ही रिपोर्टची पिशवी घेऊन मुंबईत दोन ठिकाणी गेलो, पैशांची जमवाजमव पण केली होती, दोन्हीकडे नाही म्हणाले. तेव्हा मला इतका राग आला होता की विचारू नका, वाटलं गरीब माणूस बघून टाळतायत. नंतर एका डॉक्टरांनी बसवून समजावलं तेव्हा कळलं की तो नकार म्हणजेच उपचार होता.

अमेरिकेत यावर फार मोठा अभ्यास झालाय, नॅशनल एम्फिसेमा ट्रीटमेंट ट्रायल, १,२१८ पेशंट, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना औषधं आणि रिहॅब, आणि कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. त्यात २००१ मध्येच धोक्याचा इशारा निघाला. ज्यांचं एफईव्ही१ २० टक्के किंवा कमी आणि शिवाय एकतर खराबी सगळीकडे सारखी किंवा डीएलसीओ २० टक्के किंवा कमी, अशा ६९ जणांचं ऑपरेशन झालं होतं, त्यातले १६ टक्के ३० दिवसांत गेले. औषधांवरच्या तशाच ७० जणांत त्या काळात एकही नाही. माझा भाऊ बरोब्बर या गटात बसत होता. कापण्याजोगा एक ठरावीक खराब भागच नव्हता, जे कापाल ते थोडंफार काम करणारंच.

पूर्ण निकाल २००३ मध्ये आला. सगळे मिळून बघितलं तर ऑपरेशनमुळे आयुष्य वाढलं असं दिसलं नाही. पण ज्यांची खराबी मुख्यतः वरच्या भागात होती आणि रिहॅब करूनही व्यायामाची ताकद कमी होती, त्यांच्यात ऑपरेशन केलेल्यांचे मृत्यू साधारण निम्मे झाले. त्याच गटात दोन वर्षांनी सायकलवरची ताकद चांगली वाढलेले लोक ऑपरेशनवाल्यांत ३० टक्के आणि औषधवाल्यांत शून्य. उलट ज्यांची खराबी वरच्या भागात नव्हती आणि ताकद बरी होती त्यांचं ऑपरेशनने नुकसान झालं. आणि तो जास्त धोक्याचा गट वगळून सुद्धा पहिल्या ९० दिवसांत ऑपरेशनवाल्यांचे ५.२ टक्के गेले, औषधवाल्यांचे १.५ टक्के. हा आकडा काकांना पण सांगा, लपवू नका, पुढे काही झालं तर घरात एकमेकांना दोष देत बसण्यापेक्षा आधी सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

तुमच्या बाबांचे रिपोर्ट माझ्या भावापेक्षा खूप वेगळे आहेत. वरच्या लोबमध्ये खराबी, डीएलसीओ ३४, सिगरेट सुटलेली. मी डॉक्टर नाही पण मला वाटतं डॉक्टरांनी उगाच सुचवलेलं नाही.

भाऊ २०२२ ला गेला. शेवटची दोन वर्षं घरी ऑक्सिजनवर, आमच्यात, रोज संध्याकाळी माझ्याशी पत्ते खेळायचा. ऑपरेशनच्या टेबलावर गेला असता तर ती दोन वर्षं मिळाली नसती.

खाडीकाठची_लेक, ऐरोली

काय बोलू कळत नाहीये. काकू, तुमचं ते फोनवरचं भांडण मी आईला वाचून दाखवलं, ती पण रडली. कळवावाले दादा, भावाबद्दल वाईट वाटलं, आणि तुम्ही एवढं सगळं लिहिलंत त्याबद्दल आभार कसे मानू.

अजून एक विचारते, डॉक्टर जाता जाता व्हॉल्व्हचं पण काहीतरी म्हणाले, न कापता करतात ते. ते काय?

घोडबंदर_रोड_वाला

माझ्या सासऱ्यांना व्हॉल्व्ह बसवलेत म्हणून सांगतो. तोंडावाटे ब्रॉन्कोस्कोप घालून खराब लोबच्या नळ्यांत छोटे एकतर्फी व्हॉल्व्ह बसवतात, हवा बाहेर येते पण आत जात नाही, मग तो लोब आपोआप आक्रसतो. म्हणजे हेतू तोच, जागा मोकळी करायची, फक्त सुरी नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एका व्हॉल्व्हला मान्यता मिळाली. नको वाटले तर काढता येतात ही मोठी सोय.

पण दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे दोन लोबमधली भिंत पूर्ण पाहिजे. ती अपुरी असेल तर शेजारच्या लोबमधून चोरवाटेने हवा येत राहते आणि व्हॉल्व्ह असून नसल्यासारखे. हे सीटीवर आणि आत फुग्याचा कॅथेटर घालून आधी तपासतात. दुसरं, फुप्फुस फाटून छातीत हवा साठण्याचा प्रकार चार-पाच जणांत एकाला तरी होतो, बहुतेक पहिल्या तीन-चार दिवसांत, त्यामुळे "सोपं आहे, दुसऱ्या दिवशी घरी" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सासऱ्यांना तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना एकदम कळ आली आणि श्वास बंद झाल्यासारखा झाला, हॉस्पिटलमध्येच होते म्हणून अर्ध्या तासात नळी पडली आणि वाचले. घरी असतो तर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत काय झालं असतं विचार करवत नाही. आज ते एक जिना चढतात, पहिल्या मजल्यावर थांबून.

फिजिओ_नौपाडा

बरोबर लिहिलंय. ताई, म्हणून ज्या ठिकाणी छातीचे सर्जन, चेस्ट फिजिशियन, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात आणि सर्जरी व व्हॉल्व्ह दोन्ही होतात तिथेच दाखवा, नाहीतर ज्याच्याकडे जे आहे तेच तो सुचवणार. आणि किती केली आहेत हे विचारायला लाजू नका. ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची तपासणी) आणि हृदयाची टूडी इको झाली नसेल तर करून घ्या, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असेल तर बेत बदलतो.

खाडीकाठची_लेक, ऐरोली

तीन आठवड्यांनी लिहितेय. रिहॅब चालू झालं, आठवड्यातून तीन दिवस. आंघोळीला स्टूल आणलं आणि आईचा जुना सुती गाउन बाबांनी आधी "मी नाही घालणार" म्हणून नाकारला, मग दोन दिवसांनी स्वतःच मागितला. काल आंघोळीनंतर मी घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला २६ होते, चंबू करून पाच मिनिटांनी २०. वजन दीड किलो वाढलंय. ब्लड गॅस आणि इको झाले, दोन्ही चालण्यासारखे आहेत म्हणाले.

काकांना ठाणे स्टेशनच्या गाडीचं सांगितलं. ते ३० वर्षं रोज लोकलने गेलेत, ऐकल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग दार मोकळं करायचंय म्हण की." ९० दिवसांचा आकडा पण सांगितला सगळ्यांसमोर, बाबा पण होते. बाबा म्हणाले विचार करून सांगतो.

येत्या मंगळवारी सर्जन आणि चेस्टचे डॉक्टर दोघांची एकत्र अपॉइंटमेंट आहे. लीक लांबलं तर काय, दोन लोबमधली भिंत पूर्ण आहे का, तुमच्याकडे किती झाली, आणि आमच्या बाबांसाठी कापणं बरं की व्हॉल्व्ह, हे सगळं सीटीच्या पाकिटावर मागे लिहून ठेवलंय. या वेळी रिक्षात बसल्यावर आठवायला नको.